सहाव्या झूमवर अख्खा महाराष्ट्र

सकाळी ६.३०

मे महिन्याच्या नोंदी काल रात्री उशिरा मेलवर आल्या. राज्यातल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात: ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं टेप घेऊन विहिरीवर जातात, कठड्यापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतात, त्यातून कठड्याची उंची वजा करतात आणि पाणी जमिनीपासून किती मीटर खाली आहे तो आकडा वहीत लिहितात. माझ्या हातातल्या यादीत अशा विहिरी जवळपास चार हजार आहेत. त्यांचा वेबवर चालणारा, बोटाने सरकवता आणि मोठा करता येईल असा नकाशा करणं हे माझं काम. मेचा नकाशा पाऊस लागायच्या आत लोकांपुढे यायला हवा. टँकरचा प्रस्ताव पाठवणारा सरपंच असो की नवी बोअर घ्यावी का या विचारात असलेला शेतकरी, दोघांनाही आत्ता हाच आकडा हवा असतो.

चहा होईपर्यंत मी एकच गोष्ट बघते: आकडा कुठे नाही. रिकाम्या रकान्याला निदान चार अर्थ असतात. विहीर कोरडी पडली. विहिरीपर्यंत जाता आलं नाही. विहीर बुजवली, किंवा रस्ता रुंद करताना गेली. किंवा पाणी मोजलं, पण टंकायचं राहिलं. यातला पहिला अर्थ मे महिन्यात सगळ्यांत मोलाचा, आणि नेमका तोच एखाद्या तक्त्यात रिकामा रकाना होऊन येतो, तर एखाद्यात ० होऊन. या मापात शून्य म्हणजे पाणी जमिनीला टेकलेलं. तो शून्य तसाच पुढे गेला तर ठणठणीत कोरडी विहीर नकाशावर काठोकाठ भरलेली दिसेल. म्हणून मी आकड्याच्या शेजारी ‘स्थिती’ नावाचा वेगळा स्तंभ काढते आणि शेऱ्याच्या रकान्यात जे काही लिहिलं असेल ते वाचून तो भरते. ‘पाणी नाही’, ‘कोरडी’, ‘तळ दिसतो’, ‘गाळ’, असं काहीबाही असतं. हे काम प्रोग्रॅमवर सोडत नाही. शेरा लिहिणारा माणूस उन्हात विहिरीपाशी उभा होता, त्याने चार शब्द लिहिलेत तर ते कोणीतरी नीट वाचले पाहिजेत.

८.१५

ऑफिसातला पहिला वेळ नावांचा. गावांच्या सीमा एकीकडून येतात, विहिरींचा तक्ता दुसरीकडून, टँकरचा साप्ताहिक अहवाल तिसरीकडून, आणि एकच गाव तिन्हीकडे तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. बुद्रुक कुठे नुसतं ‘बु.’, कुठे पूर्ण, कुठे गाळलेलंच. खुर्दची तीच गत. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव ही नावं तर तालुक्यागणिक भेटतात. नावांच्या भरवशावर दोन तक्ते जोडले की एका पिंपळगावची विहीर दुसऱ्या पिंपळगावच्या खात्यात जाते आणि संगणक ब्र काढत नाही, कारण त्याच्या लेखी नाव जुळलेलं असतं.

म्हणून जोडणी कोडवर करायची. २०११च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे, तो धरला की नाव कसंही लिहिलेलं असो, गाव हलत नाही. जिल्ह्यांचे कोड नंदुरबारच्या ४९७ पासून सांगलीच्या ५३१ पर्यंत जातात. मोजून पाहिलं तर पस्तीस. आज जिल्हे छत्तीस आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर वेगळा झाला, त्यामुळे जनगणनेच्या त्या यादीत पालघर नाही. त्याचे २०११चे आकडे हवे असतील तर वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांची बेरीज करायची आणि तेवढी ठाण्यातून वजा करायची. जव्हार-मोखाड्यात पाऊस धो धो पडतो आणि मार्चपासून पाण्यासाठी वणवण सुरू होते. ठाण्याच्या सरासरीत ही गावं बुडाली तर नकाशाचा उपयोग काय?

नामांतरांनी मात्र कोड बदलत नाहीत. धाराशिव, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, सगळीकडे पाटी नवी आणि आतला आकडा जुनाच. शोधायच्या चौकटीत मी जुनं आणि नवं अशी दोन्ही नावं चालू ठेवते. माणूस जे नाव टाइप करेल त्यावर त्याचं गाव सापडलं पाहिजे.

एका तालुक्याची यादी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या पीडीएफमध्ये आहे. डोळ्यांना मराठी दिसते, कॉपी केली की अगम्य चिन्हं पडतात. ती हाताने टंकायची. ते आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाने आपणहून घेतलं.

९.४५

आता ठिकाणं. प्रत्येक विहिरीला अक्षांश-रेखांश असतात, आणि त्यांत तीन प्रकारचे घोळ ठरलेले असतात.

पहिला घोळ क्रमाचा. नकाशाची माहिती ज्या जिओजेसन नावाच्या रचनेत ठेवतात तिचं २०१६चं मानक म्हणतं, आधी रेखांश, मग अक्षांश. नकाशा दाखवणाऱ्या लीफलेटला बिंदू द्यायचा तर आधी अक्षांश. वहीत माणसं लिहितात तेही आधी अक्षांशच. या देवघेवीत कुठेतरी जोडी उलटी पडते. पारनेर साधारण १९ उत्तर आणि ७४.४४ पूर्व इथे आहे. आकडे उलटे केले की ७४.४४ उत्तर, १९ पूर्व. तिथे नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मध्ये बर्फाळ समुद्रात बेअर आयलंड नावाचं एक छोटं बेट आहे. पारनेर तालुक्यातल्या, थेंबाथेंबासाठी झगडलेल्या गावांच्या विहिरी थेट आर्क्टिकमध्ये! म्हणून पडताळणीची पहिली पायरी हीच की सगळा बिंदूसमूह महाराष्ट्राच्या चौकटीत बसतो का. ज्यांचे आकडे रिकामे असतात ते बिंदू ० अंश, ० अंशावर, आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पडतात. हे सगळे लगेच ओळखू येतात.

दुसरा घोळ लबाड आहे, कारण तो चौकटीच्या आतच राहतो. १८ अंश ४५ मिनिटं हे कोणीतरी १८.४५ असं लिहितो. अंशाची साठ मिनिटं होतात, म्हणजे दशांशात ते १८.७५ व्हायला हवं. फरक ०.३ अंशाचा, जमिनीवर तेहतीस किलोमीटर. विहीर महाराष्ट्रातच राहते, फक्त भलत्या तालुक्यात जाते. ओळखायची खूण अशी: एखाद्या तालुक्याच्या सगळ्या आकड्यांत दशांश चिन्हानंतरचे दोन अंक कधीच ५९ च्या वर जात नसतील तर ती मिनिटं आहेत. आज एका तालुक्याची यादी अशीच निघाली. बदलून घेतल्यावर एकूण एक विहीर आपापल्या गावाच्या शिवेत जाऊन बसली.

तिसरा घोळ इतिहासातून आलेला. भारताची मोजणी १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासकडून सुरू केली, आणि त्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून पृथ्वीचा जो आकार गृहीत धरला गेला तो एव्हरेस्ट या सर्वेक्षकाच्या नावाने, ‘एव्हरेस्ट १८३०’ म्हणून ओळखला जातो. जुने टोपोशीट, म्हणजे सर्वेक्षणाचे छापील नकाशे, त्यावर बेतलेले. जीपीएस दुसरा आकार धरतं, डब्ल्यूजीएस ८४. जुन्या टोपोशीटवरून वाचलेला बिंदू तसाच वेबच्या नकाशावर टाकला तर आपल्या भागात तो शंभर मीटरांहून जास्त सरकतो. जिल्ह्याच्या नकाशात हे जाणवणार नाही. पण वाचक आपली विहीर ओळखतो, तिच्या शेजारचं चिंचेचं झाडही ओळखतो. शंभर मीटर त्याच्यासाठी खूप असतात.

११.००

गावांच्या सीमांची मूळ फाइल फोनवर उघडणार नाही इतकी जड आहे, म्हणून रेषा हलक्या कराव्या लागतात. मॅपशेपर हे साधन त्यासाठी उत्तम. कोणता बिंदू गाळला तर आकार सर्वांत कमी बिघडेल हे ठरवायची जी पद्धत त्यात मूळ धरलेली आहे ती विश्वलिंगम आणि व्हाइट यांची, १९९३ची. महत्त्वाचं एवढंच की शेजारच्या दोन गावांची सामाईक शीव एकदाच, दोघांची मिळून हलकी व्हावी. प्रत्येक गाव सुटं घेतलं तर वीण उसवलेल्या गोधडीसारख्या फटी पडतात आणि त्या फटींवर बोट टेकवणाऱ्याला उत्तर मिळत नाही. कोकण किनाऱ्याला मी कात्री कमी लावते. खाड्या गुळगुळीत झाल्या की दाभोळ काय आणि जयगड काय, ओळखूच येत नाहीत.

दुपारी १२.१५

रंग आणि गट. दिवसातलं हे काम मला मनापासून आवडतं आणि त्याचीच सगळ्यांत धास्तीही वाटते, कारण इथे घेतलेला निर्णय बघणाऱ्याला दिसत नाही. त्याला फक्त रंग दिसतात.

चार हजार आकड्यांना पाच रंग द्यायचे. गट कसे पाडायचे? एक सोपा मार्ग म्हणजे समसंख्य गट: विहिरी खोलीप्रमाणे रांगेत लावायच्या आणि रांगेचे पाच सारखे भाग करायचे. नकाशा देखणा होतो, पाचही रंग छान वाटले जातात. पण त्या पद्धतीत दर पाचातली एक विहीर कायम सर्वांत गडद रंगातच असते, मग साल दुष्काळाचं असो की अतिवृष्टीचं. दोन वर्षांचे असे नकाशे शेजारी ठेवले तर दोन्ही सारखेच भयंकर किंवा सारखेच बरे दिसतात. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं त्या २०१६चा नकाशा आणि भरल्या वर्षाचा नकाशा एकसारखे दिसणार असतील तर आपण काय दाखवलं?

म्हणून मी पक्के गट घेते. दोन मीटरपर्यंत, दोन ते पाच, पाच ते दहा, दहा ते वीस, वीसच्या पुढे. केंद्रीय भूजल मंडळाच्या अहवालांतही साधारण असेच टप्पे असतात, म्हणजे कोणाला पडताळून पाहायचं तर तेही सोपं. कधी एखादा रंग राज्यभर दिसतच नाही. तो दिसत नाही हीसुद्धा बातमी आहे.

रंग निळसर-हिरवा ते तपकिरी. लाल-हिरव्याची जोडी मी कधीच घेत नाही. पुरुषांपैकी काही टक्क्यांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि ग्रामपंचायतीत हा नकाशा उघडणारे बहुतेक पुरुषच असतात. पेन्सिल्व्हेनियात नकाशाशास्त्र शिकवणाऱ्या सिंथिया ब्रूअर यांनी ‘कलरब्रूअर’ म्हणून रंगसंगतींचा संच तयार केला, त्यात अशा रंगांधळ्यांनाही वाचता येतील अशा जोड्या निवडलेल्या आहेत. त्यातून मी दोन तऱ्हा घेते. कोरड्या विहिरीला मात्र या पाच रंगांत जागा नाही. तिला काळं, आतून पोकळ वर्तुळ, त्यात फुली. मोजता न आलेल्या विहिरीला राखाडी ठिपका. दोन्ही खुणा सूचीत सर्वांत वर ठेवते, खाली तळटीपेत नाही.

दुसरा थर फरकाचा: यंदाचा मे आणि मागच्या पाच वर्षांच्या मेची सरासरी. इथे शून्य मध्यभागी आणि दोन्ही बाजूंना रंग गडद होत जाणारे. यात शब्दांची काळजी घ्यावी लागते. आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेलं, आणि ‘पातळीत वाढ’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला नेमकं उलट वाटतं. म्हणून विहिरीवर बोट टेकवलं की येणाऱ्या चौकटीत सरळ वाक्य: ‘पाणी सरासरीपेक्षा १.२ मीटर खाली आहे.’

लोकसंख्येचा तिसरा थर सहकारीण करते आहे. तिने आधी जिल्हे रंगवून पाहिले. फोनवरच्या सुरुवातीच्या झूमला गडचिरोली सुमारे सत्तावीसशे पिक्सेल व्यापतं, मुंबई शहर जिल्हा जेमतेम तीस. प्रत्यक्षात २०११ला गडचिरोलीत माणसं पावणेअकरा लाखांच्या आत होती आणि मुंबई शहरात तीस लाखांवर. रंगवलेलं क्षेत्र डोळ्याला मोठं दिसतं आणि मोठं ते महत्त्वाचं वाटतं. तिने रंग काढले आणि लोकसंख्येच्या प्रमाणात वर्तुळं ठेवली. आता जंगलाला माणसांचा रंग चढत नाही.

१.३०

डबा. गवार आणि भाकरी. दहा मिनिटं डोळे मिटून बसते, दुपारी फोन येणार आहे.

२.१५

ज्यांच्यासाठी हा नकाशा होतोय त्या संस्थेतल्या साहेबांचा फोन. माणूस तळमळीचा, पाण्याच्या कामात उभी हयात गेलेली. त्यांना ठिपके पसंत नाहीत.

“मॅडम, लोक आधी आपलं गाव शोधतात. गावावर रंग पाहिजे. ठिपके बघून त्यांना काय कळणार? ते सॉफ्टवेअर मधले आकडे काढून देतं ना?”

“देतं, सर. पण ते आकडे कोणी मोजलेले नसतात.”

लोक आधी आपलं गाव शोधतात हे त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. राज्याचं चित्र बघायला कोणी येत नाही. पाटोद्याचा माणूस पाटोदा शोधतो, मग सासरचं गाव, मग मामाचं. आमचं दुमत त्यापुढचं. महाराष्ट्रात चाळीस हजारांवर गावं आहेत आणि या यादीत विहिरी चार हजारांच्या आसपास. म्हणजे दहा गावांमागे एक मोजलेली विहीर. सगळी गावं रंगवायची तर दहातल्या नऊ गावांचा रंग आम्ही अंदाजाने भरणार, आणि तो अंदाज मोजलेल्या गावाच्या रंगाइतकाच ठाम दिसणार.

अंदाज बांधायची रीत आहे. जवळच्या गोष्टी लांबच्यांपेक्षा एकमेकींशी जास्त जुळतात, हे भूगोलज्ञ वॉल्डो टोब्लर यांनी १९७० मध्ये मांडलं. त्या आधारावर आजूबाजूच्या विहिरींच्या आकड्यांवरून मधल्या जागेचा आकडा काढतात. जवळच्या विहिरीला वजन जास्त, लांबच्या विहिरीला कमी. तापमानाला हे चालतं. पावसालाही बऱ्यापैकी चालतं. आपल्या भूजलाला मात्र हे लावताना हात थरथरायला हवा. राज्याचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टवर आहे, लाव्हाच्या थरावर थर. काळा पाषाण पाणी धरत नाही, खालच्या मांजऱ्या खडकात थोडं मुरतं, जिथे फटी आहेत तिथे पाणी, नाहीत तिथे शंभर फुटांवर ठणठणाट. एका बांधाच्या अलीकडची विहीर मेमध्येही पाणी देते आणि पलीकडच्या विहिरीचा तळ उघडा पडतो, हे ज्याने शेती केली आहे त्याला सांगावं लागत नाही. त्यातून तापी-पूर्णेच्या काठाला जळगाव-अकोल्याकडे खोल गाळाचा पट्टा. गाळातल्या विहिरीचा आकडा आणि शेजारच्या बेसॉल्टमधल्या विहिरीचा आकडा यांची सरासरी काढली तर ती दोन्हीकडे खोटी. पाणलोटाची सीमाही मध्ये येते. डोंगराच्या दोन बाजूंच्या विहिरी नकाशावर जवळ असतात, पाण्याच्या हिशेबात त्यांचं एकमेकींशी काही नातं नसतं.

आणि हा कागदी नकाशा नाही. भिंतीवरच्या नकाशाला आपलं प्रमाण ठाऊक असतं. दहा लाखाला एक या नकाशात कोणी आपला मळा शोधत नाही. वेबवरच्या नकाशाला दोन बोटं फाकवली की तो मोठा होतो, पुन्हा फाकवली की आणखी मोठा. लीफलेटमध्ये झूम ० ला सगळं जग २५६ पिक्सेलच्या एका चौकोनी तुकड्यात मावतं आणि पुढच्या प्रत्येक झूमला तुकडे चौपट होतात. झूम ६ ला आपला महाराष्ट्र फोनच्या रुंदीत जेमतेम बसतो, अरुंद फोनवर गडचिरोलीची पूर्वेकडची कड किंचित कापली जाते. तिथे एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे दोन किलोमीटरांहून जास्त. झूम १३ ला एक पिक्सेल अठरा मीटरांवर येतो. तुकडे आणि रस्ते बारीक होत जातात, घरं दिसायला लागतात, पण विहिरींची माहिती होती तेवढीच राहते. माणूस मात्र समजतो की आपण जितके आत शिरलो तितकं जास्त कळलं. अंदाजाचा रंग झूम १३ ला एखाद्याच्या शिवारावर पडला तर तो त्या शिवाराबद्दलचं विधान होतो. उद्या त्यावर कोणी बोअर घेतली, किंवा त्या रंगावर बोट ठेवून कोणी टँकर नाकारला, तर?

हे सगळं फोनवर सांगितलं. साहेब बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “बरं, पण ज्याच्या गावात विहीर नाही त्याला तुम्ही रिकाम्या हाताने परत पाठवणार का?”

प्रश्न बरोबर आहे, आणि त्याने नकाशा सुधारला. ठरलं ते असं. झूम ८ पर्यंत तालुक्याचा रंग, तोही त्या तालुक्यातल्या मोजलेल्या विहिरींच्या मध्यकाचा, आणि शेजारी किती विहिरींवरून तो काढला तो आकडा. पाचपेक्षा कमी विहिरी असतील तिथे रंगाऐवजी तिरप्या रेघा. झूम ९ पासून तालुक्याचा रंग जातो आणि विहिरींचे ठिपके येतात. गावाच्या सीमा फक्त रेषेने, आत काही नाही. गावात निरीक्षण विहीर नसेल आणि त्यावर बोट टेकवलं तर चौकट सांगते: ‘या गावात या यादीतली विहीर नाही. याच पाणलोट क्षेत्रातल्या सर्वांत जवळच्या विहिरी अशा’, आणि त्यांची अंतरं, आकडे. पाणलोट एकच असणं महत्त्वाचं, नुसतं जवळ असणं पुरत नाही. झूम १४ च्या पुढे नकाशा मोठा होत नाही.

“चालेल,” साहेब म्हणाले. “पण ती मध्यक का काय, ते सरासरी म्हणून लिहा. लोकांना कळेल.”

मी ‘मधली विहीर’ असं सुचवलं: निम्म्या विहिरींत पाणी याहून वर, निम्म्यांत याहून खाली. ते त्यांना पटलं.

४.००

अक्षरं. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

नवे वेब नकाशे फोनच्या ग्राफिक्स चिपवर रेखाटले जातात. वेग उत्तम, पण त्यांतले बरेच अक्षरं सुटी सुटी मांडतात, एकेका चिन्हाचं तयार चित्र एकापुढे एक. रोमन लिपीला त्याने काही होत नाही. देवनागरीत मात्र वेलांटी आधी दिसायची ती अक्षरानंतर येते, जोडाक्षर फुटतं, पाय मोडलेला न उघडा पडतो. सिन्नरच्या जागी स, मग लटकती वेलांटी, मग हलन्त न, मग न, मग र. चिपळूण, शिरूर, विक्रमगड, सगळ्यांची हीच दशा. आपल्या गावाचं मोडकं नाव बघून माणूस नकाशा मिटवतो, आणि मिटवावाच. ज्याला माझं नाव लिहिता येत नाही त्याला माझ्या विहिरीचं काय कळणार, हा विचार अगदी सरळ आहे.

ब्राउझरला स्वतःला देवनागरी उत्तम जमते. त्यामुळे आम्ही तालुक्यांची नावं नकाशाच्या चित्रात न रंगवता त्यावर साध्या मजकुरासारखी ठेवतो. लीफलेट हेच करतं. कीवच्या व्होलोदिमिर अगाफोंकिन यांनी २०११ मध्ये ते खुलं केलं, आणि इतकं हलकं आहे की आमच्या गरजेला आजही पुरतं. गावांची नावं चाळीस हजार, ती सगळी एकदम ठेवली तर फोन गुदमरेल. म्हणून पडद्यावर जेवढा भाग आहे तेवढ्यापुरतीच, आणि झूम ११ पासून पुढे. नावांना पांढरी बारीक कड दिली आहे, गडद तपकिरीवरही वाचता यावीत म्हणून. ळ नीट उमटतो का हे मी प्रत्येक फॉन्टमध्ये आधी तपासते. महाराष्ट्राच्या नकाशात ळ शिवाय एक तालुका पुढे सरकत नाही.

ठिपक्यांचे गठ्ठे करायचे नाहीत हेही आज पक्कं झालं. लांबून पाहताना जवळजवळचे ठिपके एका वर्तुळात गोळा करून त्यात संख्या लिहायची सोय असते. सहकारिणीच्या वडिलांना दाखवलं. वर्तुळात २४ होते. ते म्हणाले, “चोवीस मीटर? आमच्याकडे?” त्या विहिरी चोवीस होत्या. पाण्याच्या नकाशावर कोणताही सुटा आकडा पाण्याचाच वाटणार.

५.१५

स्वस्तातला फोन घेऊन गच्चीवर. उन्हात तपकिरीच्या शेवटच्या दोन छटा एक होतात, शेवटची आणखी गडद केली. माउस नुसता वर नेला की माहिती दिसते ती सोय फोनवर नसते, त्यामुळे जे काही सांगायचं ते बोट टेकवल्यावरच. ठिपका दिसायला लहान ठेवला तरी बोट लागायची जागा त्याच्याभोवती मोठी हवी. शेतात काम केलेल्या बोटांना बारीक बटणं लागत नाहीत.

तेवढ्यात मराठवाड्यातल्या एका गावाच्या जलसुरक्षकाचा फोन. चाचणीचा दुवा आम्ही अशा काही जणांना आधीच पाठवला होता.

“ताई, आमची हिर वड्याच्या पल्याड दाखवायलीय. ती अल्याड हाय, मारुतीच्या मागं.”

“दादा, विहिरीपाशी उभं राहून लोकेशन पाठवाल का?”

“उबाच हाय की हितं.”

लोकेशन आलं. टोपोशीटवरून घेतलेल्या बिंदूपेक्षा शंभर-सव्वाशे मीटरांवर. सकाळी म्हटलेला एव्हरेस्टचा फरकच. मग त्याच तालुक्यातल्या ज्या ज्या विहिरींचे बिंदू जुन्या टोपोशीटवरून आले होते त्या सगळ्यांना तेच रूपांतर लावून पाहिलं. ओढे, रस्ते, शिवा, सगळं जुळून आलं. दादांना विचारलं, बाकी नकाशा कसा वाटतो. म्हणाले, “आमच्या हिरीचा आकडा बरुबर हाय. पर शेजारच्या वस्तीवरची हिर यात न्हाई, तिला आटून महिना झाला.” ती या यादीतली नाही. त्यांनी पाठवलेला फोटो आणि तारीख ‘गावाकडून कळलेलं’ या वेगळ्या थरात गेली. मोजलेल्या आकड्यांत ती मिसळायची नाही, आणि लपवायचीही नाही. तिची खूण वेगळी, चौकोनी.

६.४५

सूचीखालचा मजकूर अखेरचा वाचून घेतला. आकडे कोणाचे, कधी मोजलेले, कशाचे नाहीत. गट कसे पाडले. रिकामी जागा म्हणजे काय. पार्श्वभूमीच्या नकाशासाठी ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचं ऋण. भारताची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाप्रमाणे, आणि नकाशा महाराष्ट्राच्या चौकटीबाहेर सरकत नाही. मूळ तक्ता उतरवून घ्यायचं बटण चालतं हे तपासलं. ज्याला आमचे रंग पटत नसतील त्याने आकडे घ्यावेत आणि स्वतःचा नकाशा करावा.

नकाशा चढवला. शोधाच्या चौकटीत पहिल्या तासात आलेली नावं पाहिली: पाटोदा, मोखाडा, एक नांदगाव, आणखी एक नांदगाव. शोधाच्या उत्तरात गावापुढे फक्त जिल्हा येतो आहे, तालुका येत नाही. उद्या सकाळी आधी ते. त्यानंतर पीडीएफमधल्या त्या तालुक्याची राहिलेली यादी, आणि साहेबांना हव्या असलेल्या ऑक्टोबरच्या तक्त्याचा नमुना, ज्यात ‘कोरडी’ साठी सुरुवातीपासूनच वेगळा रकाना असेल.